पहारेकरी म्हणाला, बदल नाही

१

अकरा तारखेला सकाळी साडेदहा वाजता, लख्ख उन्हात, एक मालबोट बंदराच्या तोंडाशी वाळूत रुतली. हादरा एवढा जबर होता, की सुकाणूपाशी उभा राहून बोट बंदरात आणणारा पायलट लोखंडी जिन्यावरून खाली फेकला गेला आणि त्याचा पाय गुडघ्याखाली मोडला.

त्याच्या हातातल्या नकाशात त्या जागी नऊ मीटर पाणी होतं. खरं पाणी होतं साडेचार.

तो नकाशा पायलटच्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं काढलेला होता.

तेरा तारखेला नकाशा-कचेरीच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. ती उंच, किडकिडीत आणि ताठ. सगळी कचेरी तिला पेन्सिल म्हणायची, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "फार काही नाही. मोजणीत नवा आकडा आला होता, तो नकाशात उतरवायचा माझ्याकडून राहून गेला, एवढंच लिहिलंय. सही केलीस की एक समज देऊ, वर्षभर दुसऱ्या विभागात जाशील. प्रकरण मिटलं. तुझ्या भावाचा अडवलेला परवानाही उद्या मोकळा होईल."

"मी तो आकडा उतरवला होता. नऊ तारखेला दुपारी, तीन वाजून वीस मिनिटांनी."

"वहीत नाही."

वही म्हणजे कागदाची नव्हे. कचेरीचे नकाशे बारीक बारीक तुकड्यांत ठेवलेले होते. एकेक तुकडा एकेक फाइल, अशा एक लाख ऐंशी हजार फाइली. कुणी कोणती फाइल कधी बदलली याची नोंद एक प्रणाली ठेवायची. तिलाच सगळे वही म्हणत. छापला जाणारा नकाशा वहीतूनच निघायचा. नऊ तारखेला पेन्सिलच्या नावावर वहीत दोन बदल होते. ती तीन म्हणत होती.

"मग माझं मशीन उघडा," ती म्हणाली. "दुरुस्त केलेली फाइल त्यात असणार."

साहेबांनी नजर खाली वळवली. "तुझं मशीन काल पुसून नव्यानं भरलंय. मलाही आज सकाळीच कळलं."

पेन्सिलनं कागदाची घडी घातली आणि ती साहेबांच्या पेनाखाली ठेवली.

"चौकशी लावा," ती म्हणाली. "मी सही करणार नाही."

२

"तू सही करणार आहेस," दादा म्हणाला.

प्लास्टरमधला पाय स्टुलावर होता आणि खिडकीतून बंदर दिसू नये म्हणून त्यानं खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली होती. "बावीस वर्षं बोटी आणतोय मी. कुठे एक ओरखडा नाही. आज पोरंटोरं म्हणतायत, म्हाताऱ्यानं बोट वाळूत घातली. तू एक सही केलीस की मी सुटतो."

"मी खोटं लिहून तुला सोडवू?"

"खोटं कशावरून? नकाशा माझ्या हातात होता. नऊ लिहिलं होतं त्यावर. नऊ! मी तुझ्या अक्षरावर विश्वास ठेवला."

हे तिला लागलं. पण डोळ्यांत पाणी आणणं तिच्या स्वभावात नव्हतं. "साडेचार लिहिलं होतं मी, दादा. तू हजार वेळा विचार, हजार वेळा हेच सांगेन."

"मग यापुढे मला काही विचारू नकोस, आणि सांगूही नकोस."

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची आत्या उभी होती. नकाशा-कचेरीच्या तपासणी विभागात तिची एकतीस वर्षं गेली होती. आईवडिलांच्या मागे या दोघांना तिनंच वाढवलं, आणि दोघांपैकी कुणाची बाजू घ्यायची हा प्रश्न तिनं कधी स्वतःला पडू दिला नव्हता. चौकशीत माणसाला एक मदतनीस सोबत नेता येत होता. निवृत्त असला तरी चालत होता.

"एकच विचारते," आत्या भाचीला म्हणाली. "नोंद केलीस तेव्हा वहीनं बदलांची यादी दाखवली असेल ना? त्यात दोन नावं होती का तीन?"

पेन्सिल म्हणाली, "वाचली नाही. तीन सेकंदांत 'झालं' आलं, आणि मी उठले."

"ही तुझी चूक. ती उद्या सगळ्यांसमोर सांगायची."

"सांगेन. पण केलेली तेवढीच सांगेन."

"बरं," आत्या चष्मा पुसत म्हणाली. "अकरा मिनिटांचं काम तीन सेकंदांत कधीपासून व्हायला लागलं गं?"

३

ज्या माणसानं नोंदीचं काम असं झटक्यात होणारं केलं होतं त्याला कचेरीत झटपट म्हणत. यंत्रणेचं सगळं तोच बघायचा. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन तारखेपासून तो रजेवर होता, बारा तारखेला परतला, आणि अजून काळा चष्मा लावून बसत होता.

"सोपं आहे, मॅडम," तो उत्साहानं आत्याला सांगू लागला. "पूर्वी नोंद करायची म्हटलं की वही एक लाख ऐंशी हजार फाइलींपैकी एकूणएक फाइल उघडून बघायची. ही बदलली का? ही बदलली का? अकरा मिनिटं! लोक खुर्चीत पेंगायचे. मग मी प्रत्येक मशीनवर एक पहारेकरी बसवला. एक छोटा प्रोग्रॅम. तो दिवसभर दारात बसून असतो. कुठल्या फाइलीला हात लागला की टिपून ठेवतो. वहीनं सगळं घर धुंडाळायचं कारणच नाही. ती पहारेकऱ्याला विचारते, काय बदललं? तो म्हणतो, या दोन. संपलं!"

"आणि पहारेकऱ्याची नजर चुकली तर?"

झटपट हसला. "तेवढं कळतं मला. तसे दोन प्रसंग येतात. एक, मशीन रात्रभर बंद असतं. सकाळी उठल्यावर मधल्या काळाचं त्याला ठाऊक नसतं. दुसरा, एकदम हजारो फाइली आल्या तर त्याची मोजणी कोलमडते. दोन्ही वेळा तो सरळ सांगतो, 'मला माहीत नाही.' मग वही जुन्यासारखं सगळं तपासते. अकरा मिनिटं लागतात, पण काही निसटत नाही."

"नऊ तारखेला असं काही आलं होतं?"

त्यानं नोंदी चाळल्या. "हो. भरती-ओहोटीचे नवे तक्ते. चाळीस हजार फाइली वहीतून सगळ्या मशीनांवर उतरल्या. तीन ते साडेतीन."

"माझ्या भाचीनं आकडा बदलला तीन वीसला. चारला नोंद केली. म्हणजे पहारेकरी 'माहीत नाही' म्हणाला असणार, आणि अकरा मिनिटं लागली असणार."

"लागायलाच हवीत."

"तीन सेकंद लागले."

झटपटनं काळा चष्मा काढला. सुजलेला डोळा आणि धड डोळा, दोन्ही तिच्यावर रोखले गेले. "शक्यच नाही. तशी सूचना... ती सूचना मुख्य मशीनवर असते. रोज सकाळी सगळे पहारेकरी तिथूनच ती वाचतात."

त्यानं कीबोर्डकडे हात नेला. आत्यानं तो मनगटाशी धरला.

"उघडू नकोस. उद्या सगळ्यांसमोर उघडायचं. मुख्य मशीन कोण वापरतं?"

"आम्ही तिघंच. मी, साहेब आणि तपासणीवाले अण्णा."

"आणि हिचं मशीन कुणी पुसलं?"

"मीच," तो कसनुसा म्हणाला. "साहेबांचा निरोप होता. अण्णा सांगून गेले."

४

पेन्सिलच्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध होती, आणि पेन्सिलला पाण्यात पाहायची. खिडकीची जागा पेन्सिलला मिळाली होती, हे त्याचं कारण.

"मी काय सांगणार?" ती म्हणाली. "तुमच्या भाचीला कुणी काही बोलायची सोय नाही. नाकावर राग. पण एक आहे हो, कामात कुचराई नाही तिची. ते खोटं मी बोलणार नाही."

"त्या पहारेकऱ्यानं काम हलकं झालं असेल ना?"

"हलकं कसलं! पूर्वी सकाळी पहिली नोंद करायला अकरा मिनिटं लागायची. तेवढ्यात चहा व्हायचा, दोन शब्द व्हायचे. पहारेकरी आला तरी सकाळची ती अकरा मिनिटं होतीच. मग तीही गेली. आता बसल्या बसल्या तीन सेकंदांत सुरू."

"कधी गेली?"

"पाहुणे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी. वरच्या कचेरीतले ते कोटवाले आले नव्हते का चार तारखेला? पाच तारखेला मी चहाचा कप हातात घेऊन उभी, आणि मशीन म्हणतं, झालं!"

आत्या उठली. चार तारखेला झटपट इस्पितळात होता.

राहिले दोघे.

५

अण्णा तपासनीस होते. मोजणीचा आकडा नकाशात बरोबर उतरला की नाही हे नकाशावाल्याच्या पडद्यावर पाहून सही करायची, हे त्यांचं काम. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. कचेरीत कुणाचं दुखलंखुपलं तर आधी अण्णा धावत. तीस वर्षांपूर्वी ते नवीन लागले, तेव्हा आत्यानंच त्यांना हे काम शिकवलं होतं.

"ताई, पोरीला समजवा," त्यांनी आत्यासाठी स्वतः खुर्ची आणली. "मी साहेबांशी बोलून समज देण्यावर आणलंय. नाहीतर नोकरीच जायची. एक सही तर आहे."

"तिचं काम तुम्हीच तपासलंत ना?"

"दिवसाला पन्नास कागद, ताई. कुठला कुठला लक्षात ठेवू?"

"खरंय. पाहुण्यांच्या दिवशी तर तुमची धावपळ झाली असेल."

अण्णांचा चेहरा खुलला. "विचारू नका! झटपट रजेवर, साहेब पाहुण्यांना आणायला साडेअकरालाच खाली फाटकापाशी गेलेले. वर मुख्य मशीन लावून मी एकटा. पण अस्सं दाखवलं की नाही! तीन सेकंद! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या."

आत्यानंही मान डोलावली. मग ती दप्तरखान्यात गेली आणि नऊ तारखेचं मोजणीपत्रक मागून घेतलं. मोजणीच्या बोटीवरून आलेल्या त्या कागदावर तीन आकडे होते. खाली अण्णांची सही, वेळ तीन चाळीस.

साहेबांनी चौकशीच्या कागदांत फक्त ती सही पाहिली होती. आत्यानं कागद उजेडात धरला. प्रत्येक आकड्याशेजारी तांबड्या शाईची बारीक खूण होती. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खूण करायची नाही, हे तिनंच अण्णांना शिकवलं होतं, आणि तीस वर्षांत त्यांनी ते मोडलं नव्हतं.

साडेचारच्या शेजारीही खूण होती.

आत्यानं दप्तरात सही करून तो कागद सोबत घेतला. शोध लागल्याचा आनंद तिला झाला नाही.

६

चौकशी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सुरू झाली. साहेब घाईत होते. रुतलेली बोट पहाटे ओढून काढली होती. बारा वाजता बंदराचं तोंड उघडायचं होतं, आणि बाहेर सात बोटी नांगर टाकून वाट बघत होत्या.

"आधी मला बोलायचंय," पेन्सिल उभी राहिली. "मी बदलांची यादी वाचली नाही. ती माझी चूक आहे, लिहून घ्या. आकडा मी उतरवला नाही, हे मात्र मी मानत नाही. माझं म्हणणं आहे की आत्ता, इथे, पहारेकऱ्याला बाजूला करून सगळ्या मशीनांवर पूर्ण तपासणी लावा."

"तुझं मशीन तर पुसलंय. त्यातून काय मिळणार?"

"माझं मिळणार नाही. इतरांचं मिळेल. पहारेकरी माझ्याच बाबतीत चुकला असेल असं थोडंच आहे?"

"बारा वाजता तोंड उघडायचंय," साहेबांचा आवाज चढला. "आता या खेळाला वेळ नाही."

"म्हणूनच आत्ता. तपासणी लागल्याशिवाय मी या दारातून हलणार नाही. पोलिसांना बोलवा हवं तर. त्यांना यायला अकरा मिनिटांपेक्षा जास्तच लागतील."

शेजारच्या टेबलावरची बाई दारातून ऐकत होती. तिनं कुणाची वाट पाहिली नाही. ती गेली आणि स्वतःच्या मशीनवर तपासणी लावून मोकळी झाली. मग एकामागून एक बाकीच्यांनीही लावली.

अण्णा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. घड्याळाकडे सगळ्यात जास्त वेळा त्यांनीच पाहिलं.

बाई परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "माझे दोन," ती म्हणाली. "दोन बदल. मी केलेले, वहीत नसलेले. वाट दाखवणारा एक तरंगता बोया सरकवलेला... नऊ तारखेचाच."

दहा मशीनांवर मिळून सहा बदल निघाले. सहाही वहीत नव्हते, म्हणजे छापलेल्या नकाशातही नव्हते.

"आता मुख्य मशीन," आत्या म्हणाली.

झटपटनं सूचना उघडली आणि मोठ्यानं वाचली. त्यानं लिहिलं होतं, शंका असेल तर सगळं तपासा. आता तिथे होतं, शंका असेल तर बदल नाही. फाइल बदलल्याची वेळ, चार तारीख, अकरा चाळीस.

"पहारेकऱ्याचं तोंडच बंद केलं कुणीतरी," तो पुटपुटला. "माहीत नाही म्हणायचंच नाही त्यानं."

"अकरा चाळीसला साहेब फाटकापाशी होते," आत्या शांतपणे म्हणाली. "तू इस्पितळात. वर एकच माणूस होता. त्यांनीच मला सांगितलं. सकाळी मशीन नुकतं लावलेलं, पहिली नोंद अकरा मिनिटं घेणार, आणि पाहुणे बाराला येणार. पाहुण्यांना तीन सेकंद दाखवायचे होते. पुढे सगळेच वेगावर खूश झाले, म्हणून ते तसंच राहिलं."

तिनं मोजणीपत्रक टेबलावर ठेवलं. "बोट रुतली तेव्हा तुम्हाला लगेच उमगलं, अण्णा. कारण साडेचारचा आकडा तुम्ही तिच्या पडद्यावर स्वतः पाहिला होता. ही तुमची खूण. ती खरं बोलतेय हे कचेरीत फक्त तुम्हाला ठाऊक होतं. साहेब, हिचं मशीन पुसायचा निरोप तुम्ही दिला होतात?"

"मी? मी दोन दिवस त्या बोटीवर होतो! कुणाला काही सांगितलं नाही मी."

अण्णा वळले. त्यांनी कानावर हात ठेवले नाहीत, की आरडाओरडा केला नाही. "एका ओळीचा बदल होता, ताई. दुपारी परत बदलणार होतो. खरंच बदलणार होतो. मग सगळे कौतुक करायला लागले." ते पेन्सिलकडे वळले. "पोरी, तुला वाचवायचीच माझी धडपड होती. समज देण्यावर आणलं होतं..."

"कशापासून वाचवत होतात, अण्णा?" पेन्सिल त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "माझा दादा घरी भिंतीकडे तोंड करून बसलाय. तुम्ही त्याला भेटायला आला होतात. फळं घेऊन आला होतात."

अण्णांनी खुर्ची धरली आणि खाली बसले.

७

पावणेबारा वाजले होते. साहेबांनी घाम पुसला. "झालं ते झालं. अण्णांचं मी वर कळवतो. तू निर्दोष. सहा बदल संध्याकाळपर्यंत नकाशात घालू, गाजावाजा नको. बाराला तोंड उघडू द्या. सहा जागा म्हणजे काही..."

पेन्सिल त्यांच्या टेबलाच्या पलीकडे गेली आणि बंदर-नियंत्रणाचा फोन उचलला.

"नकाशा-कचेरीतून बोलतेय. तोंड उघडू नका. छापील नकाशात सहा जागा चुकीच्या आहेत, एक बोयाची. बोटी आहेत तिथेच थांबवा. नवे आकडे मिळेपर्यंत एकही आत घेऊ नका."

"कुणाच्या परवानगीनं?" साहेब ओरडले.

पलीकडूनही तेच विचारलं गेलं असावं. तिनं फोनमध्येच उत्तर दिलं. "माझ्या. हो, तीच. बोट रुतली तो नकाशा काढणारी. माझं नाव लिहा आणि वेळही लिहा." तिनं फोन ठेवला. "आता मला काढायचं असेल तर काढा, साहेब. पण बोटी थांबल्यात."

साहेबांनी फोनवर हात ठेवला. आत्या त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. हात फोनवरच होता, पण रिसीव्हर काही उचलला गेला नाही.

दुपारभर सगळे टेबलांवर होते. झटपटनं सूचना पूर्ववत केली आणि खाली स्वतःचं नाव घातलं. मोजणीपत्रकांचा गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून काढला गेला, चार तारखेपासूनचा प्रत्येक आकडा जुळवायचा होता. पेन्सिलच्या मशीनवर काहीच उरलेलं नव्हतं, त्यामुळे तिनं सगळंच नव्यानं घ्यायला सुरुवात केली. आत्या तपासनिसाच्या खुर्चीत बसली, कुणी बसवलं नव्हतं तरी.

तीनच्या सुमारास जिन्यावर काठ्यांचा आवाज आला. दोन मजले, एकेक पायरी. कुणी धरायला गेलं तर त्यानं हात झिडकारला. दारात येऊन दादा उभा राहिला तेव्हा घामानं भिजला होता. आत्यानं केलेल्या फोनवर त्याला अर्धं कळलं होतं, उरलेलं धक्क्यावरच्या माणसांनी सांगितलं होतं.

सगळ्यांनी माना वर केल्या. पेन्सिलनं केली नाही. तिच्यासमोर पत्रकांचा ढीग होता, आणि आकडा वाचायला, लिहायला ती एकटीच होती.

दादानं शेजारची खुर्ची ओढली, पाय लांब केला, काठ्या जमिनीवर टाकल्या. ढिगातलं वरचं पत्रक उचललं.

"ऐक," तो म्हणाला. "मी त्या दिवशी जे बोललो ना..."

"दादा," पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "सात बोटी थांबल्यात. आकडा सांग."

त्यानं घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.